कारागिरांचे प्रश्न: शेगड्याचे झिजलेले जबडे

मृग जवळ आला की कोयते, विळे, फाळ पाजळून घ्यायची घाई सुरू होते आणि लोहारशाळेतल्या शेगड्याची दुखणी तेव्हाच वर येतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं लोहारी शेगड्याचीच निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. कुणी व्हाइस लिहिलं आहे, कुणी लेग व्हाइस. इथे शेगडा म्हणजे काम दोन जबड्यांत आवळून धरणारं घडीव लोखंडाचं साधन, ज्याचा पाय जमिनीपर्यंत जातो आणि जबडा खालच्या बोल्टावर उघडतो. बाकावर बसवायच्या बिडाच्या व्हाइसबद्दल एकच पत्र आहे, ते शेवटी घेतलं आहे.

प्रश्न: आजोबांच्या वेळचा शेगडा आहे. जबडे ५ इंच रुंद. दोन्हींच्या वरच्या कडा गोल झाल्या आहेत आणि मधोमध खळगा पडला आहे. जाड सळई धरतो, पण विळ्याचं पातं धरून कानस लावली की पातं मधून थरथरतं आणि निसटतं. एक वेल्डर म्हणतो रॉड मारून भरून देतो. दुसरा म्हणतो ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे तुकडे डकवून टाका. कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: दोघांचंही लगेच ऐकू नका. आधी स्क्रू काढा, स्प्रिंग उतरवा आणि पुढचा जबडा वरच्या टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. एक सुतापेक्षा, म्हणजे ३ मिमीपेक्षा, जास्त हलत असेल तर दुखणं खाली बोल्टात आहे आणि वरची झीज हा त्याचा परिणाम आहे. तसं असेल तर राजापूरच्या पत्राला दिलेलं उत्तर आधी वाचा. बोल्ट ढिला ठेवून वरचे जबडे कितीही छान जुळवले तरी ते पुन्हा तिरकेच झिजणार.

बोल्ट घट्ट असेल तर जबडा कशाचा आहे ते बघा. जुन्या शेगड्यांचं अंग बहुधा मऊ घडीव लोखंडाचं असतं आणि तोंडाला पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली असते. जबड्याची बाजू पॉलिश पेपरने उजळवा, लिंबाच्या रसात भिजवलेला कापूस तासभर त्यावर ठेवा आणि पुसून घ्या. पोलाद जास्त काळवंडतं, लोखंड फिकं राहतं आणि मधली सांध्याची रेघ दिसते. रेघेपासून तोंडापर्यंत किती पोलाद उरलंय ते पट्टीने मोजा. रेघ दिसलीच नाही तर ग्राइंडर टेकवून ठिणगी पाहा. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, तांबूस असतात आणि फारशा फुटत नाहीत. साध्या पोलादाच्या पिवळट-पांढऱ्या असतात आणि थोड्या फुटतात. जास्त कार्बनच्या पोलादाच्या आखूड आणि पांढऱ्या असतात, चाकाजवळच फुलबाजीसारख्या फुटतात. पायावर आणि तोंडावर अशी दोन ठिकाणं घासून शेजारी-शेजारी पाहिलीत की फरक नवख्यालाही कळतो.

शिवाय लहान हातोडीने तोंडावर ठिकठिकाणी टकटक करा. एखाद्या जागी आवाज बद्द आला आणि रेघेत काळी फट दिसली तर जुना जोड सुटलेला आहे. त्यावर वेल्डिंग चढवणं म्हणजे सुटलेल्या गिलाव्यावर रंग देणं. ती पट्टी पूर्ण काढावीच लागेल.

आता खोली मोजा. तोंडावर गुण्याची (काटकोन्याची) धार आडवी टेकवा आणि मागून बॅटरी धरा. खळगा अर्ध्या सुताच्या (दीड मिमीच्या) आत असेल आणि पोलाद एक सुताहून जास्त उरलं असेल तर वेल्डिंगची गरजच नाही. घासून सपाट करा. पुष्कळ शेगडे एवढ्यावर भागतात, पण वेल्डर हे सांगणार नाही. कानस घसरत असेल तर तोंड अजून कडक आहे. ते कोळशात लाल करून कोरड्या राखेत रात्रभर गाडून ठेवा, सकाळी कानस लागेल. मऊ झालं म्हणून हळहळू नका. ज्या शेगड्यात लाल लोखंड धरलं जातं त्याच्या तोंडाचं पाणी, म्हणजे कडकपणा, तसंही टिकत नाही.

खळगा त्याहून खोल असेल तर भरणं आलं. त्यासाठी वेल्डिंगचा ७०१८ जातीचा रॉड घ्या, ३.१५ मिमीचा. हिशेब असा: तोंड ५ इंच बाय दीड इंच धरलं आणि घासायला जादा धरून सरासरी ५ मिमी थर चढवायचा म्हटलं तर एका जबड्याला साधारण १९० ग्रॅम धातू लागतो. एका रॉडमधून जेमतेम २० ग्रॅम उतरतो. म्हणजे जबड्याला ९-१० रॉड आणि दोन्हींना मिळून १९-२०. पाकीट बंद असलेलंच घ्या आणि कामाच्या दिवशीच फोडा. आपल्याकडच्या दमट हवेत उघडं पडलेलं ७०१८ ओलं धरायचं. ते पुन्हा कामाला आणायचं तर ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजावं लागतं. उन्हात वाळवून किंवा भट्टीकडेला ठेवून ते होत नाही. फोडलेल्या पाकिटातले रॉड काम होईपर्यंत एका तोंडाने बंद केलेल्या कोरड्या, कोमट पाइपात उभे ठेवलेत तर पुरे. मशीन इन्व्हर्टरचं असलं तर बरं, रॉड पॉझिटिव्हला लावा, करंट १०० ते १३० अँपिअर. जुन्या लहान ट्रान्सफॉर्मर मशीनवर ७०१८ चिकटतो आणि विझतो, त्यातून संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलेलं असेल तर विचारूच नका. हे काम सकाळी करा.

जबडे सुटे करा. भेगांत मुरलेलं तेल जाळून घालवा, मग खळग्याचा तळ पांढरा लखलखीत होईपर्यंत ग्राइंडर फिरवा. एकही काळा ठिपका ठेवू नका, तिथेच बुडबुडे धरतात. त्यानंतर जबडा भट्टीवर हळूहळू २०० ते २५० अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसला तरी चालेल. तोंडाजवळ एक रुपयाएवढी जागा कानशीने चकचकीत करून ठेवा. तिच्यावर फिका पिवळा, गवती रंग चढू लागला की साधारण २२० अंश झाले. निळा दिसला तर ३०० च्या आसपास गेलात, थोडं थांबा. एवढा तापलेला जबडा दिसायला गार जबड्यासारखाच काळा असतो, म्हणून शेजारी खडूने 'गरम' लिहून ठेवा. मदतीला पोरंटोरं असतील तर हे लिहिलंच पाहिजे.

जबडा तोंड वर करून आडवा ठेवा आणि वरच्या कडेला बाहेरून तांब्याची जाड पट्टी क्लॅम्पने धरा. वितळलेलं पोलाद तांब्याला चिकटत नाही, त्यामुळे कडेवरून ओघळ न येता काटकोनी कड उभी राहते. तांबं न लावता कड भरायला गेलात तर तिथे गोल थेंब बनतो, तो घासताना निम्मं भरण वाया जातं आणि कड पुन्हा गोलच राहते.

पहिला थर कमी करंटवर, पातळ द्या, म्हणजे खालचं जास्त कार्बनचं पोलाद भरणात कमी मिसळतं. एका वेळी दीड-दोन इंचांचीच ओळ मारा. एक डावीकडे, पुढची उजवीकडे, मग मध्ये. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढत नेलंत तर जबडा केळीच्या पानासारखा वळतो. प्रत्येक ओळ गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्या, मळी झाडा, तारेच्या ब्रशने घासा आणि मगच पुढची ओळ. मध्येच जबडा गार वाटला तर पुन्हा भट्टीवर ठेवा. मूळ पातळीच्या वर अर्धा सूत चढलं की थांबा आणि जबडा लगेच कोरड्या राखेत किंवा चुनकळीच्या कोरड्या भुकटीत गाडा. उद्या काढा. आज पाणी ओतलंत तर दिवसभराचं काम फुकट.

सर्वांत जास्त वेळ जुळवणीत जातो. शेगडा बोल्टावर फिरतो, म्हणून त्याची तोंडं एकाच उघडीला समांतर असतात. रिकामा शेगडा मिटला की वरच्या कडा आधी टेकायला हव्यात आणि खाली जाड पुठ्ठ्याएवढी फट राहायला हवी. म्हणजे बोट-दीड बोट जाडीचं काम धरताना तोंडं समांतर येतात. नवखा माणूस दोन्ही तोंडं मिटल्यावर वरपासून खालपर्यंत तंतोतंत टेकतील अशी घासतो आणि मग कामाचा तुकडा फक्त खालच्या कडेने धरला जातो. ग्राइंडरने ढोबळ काढा, पुढचं १२ इंची बास्टर्ड (भरड दातांच्या) कानशीनेच. दिव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून एका तोंडाला पातळ लावा, शेगडा मिटा, उघडा. दुसऱ्या तोंडावर जिथे काळं उमटलं तेवढंच घासा. वीस-पंचवीस वेळा करावं लागतं. शेवटी वर्तमानपत्राच्या तीन पट्ट्या घ्या, डाव्या कोपऱ्यात, मध्ये आणि उजव्या कोपऱ्यात अडकवा आणि दांडा दोन बोटांनी आवळा. तिन्ही पट्ट्या ओढल्यावर फाटायला हव्यात. मधली सरकून आली तर कोपरे अजून उंच आहेत.

वरच्या आतल्या कडेवरून कानस एकदा तिरकी फिरवून धार मोडा. कड सुरीसारखी ठेवलीत तर तिच्यावर वाकवलेल्या लाल लोखंडाला आतून चीर पडते.

पाट्याच्या तुकड्यांचा पर्याय वाईट नाही, पण त्यात एक गोची आहे. १० मिमी जाड पट्टी दोन्हीकडे जुन्या तोंडावरच डकवलीत तर शेगडा मिटलेला असतानाही तो २० मिमी उघडा असतो. बोल्टापासून तोंडाची वरची कड ४०० मिमी असेल तर दीड इंच उंचीच्या तोंडात वर-खाली जवळजवळ २ मिमी फरक पडतो. खालची कड टेकते, वर फट राहते. तेव्हा जितकी जाड पट्टी तितकं जुनं तोंड आधी कापून काढायचं. जुना जोड सुटलेला असेल तर ते तुकडे काढायचेच असतात, म्हणून तिथे हाच मार्ग सरस. पाटा आधी लाल करून राखेत मऊ करून घ्या, नाहीतर ड्रिल लागणार नाही. प्रत्येक पट्टीला ८ मिमीचे दोन बुडत्या डोक्याचे स्क्रू, आट्यांसाठी भोक ६.८ मिमीचं, २० मिमी खोल. डोकी तोंडाच्या दीड मिमी आत बसवा. स्क्रूने बसवलेली पट्टी पुढे झिजली की तासाभरात बदलता येते. म्हणून चांगला फिटर जवळ असेल तर आमचं मत वेल्डिंगपेक्षा याला.

प्रश्न: होड्यांच्या कामाच्या आमच्या वर्कशॉपात शेगड्याचे जबडे साध्या रॉडने भरून घेतले. लगेच काम सुरू करायचं म्हणून पाणी मारून गार केले. दुसऱ्या दिवशी छिन्नीचं काम करताना भरलेली पूर्ण पट्टी फणसाच्या चारखंडासारखी निघून हातात आली. रॉड खराब होता का?
– एक वाचक, देवगड

उत्तर: निघालेल्या पट्टीची खालची बाजू उन्हात धरून पाहा. ती साखरेसारखी दाणेदार आणि चमकदार असेल तर भरण नीट धरलं होतं, पण भरणाच्या लगतचं मूळ पोलाद तडकलं. काळी, मळी अडकलेली, गुळगुळीत असेल तर भरण धरलंच नव्हतं किंवा जुना भट्टीतला जोडच उखडून आला.

तुमच्या वर्णनावरून पहिली शक्यता जास्त वाटते. तोंडाच्या पोलादात कार्बन जास्त असतो. रॉडखाली ते क्षणभर लालबुंद होतं आणि मागचा तीस किलोचा गार लोखंडी गोळा त्याची ऊष्णता झटक्यात ओढून घेतो. म्हणजे पाण्यात न बुडवताही त्या पातळ थराला पाणी चढतं, आणि तो काचेसारखा ठिसूळ होतो. तुम्ही वरून खरोखरच पाणी मारलंत. त्यात रॉड दमट असेल तर त्यातल्या ओलाव्यातून हायड्रोजन त्या थरात शिरतो आणि चीर काही तासांनी, कधी रात्रीतून पडते. संध्याकाळी काम ठणठणीत दिसतं आणि सकाळी सुटतं ते यामुळे.

आता उरलेलं सगळं भरण ग्राइंडरने काढा आणि त्याखालचं आणखी २ मिमी पोलादही काढा, कारण चिरा तिथे शिरलेल्या असतात. धुतलेल्या, कोरड्या तोंडावर रॉकेल लावा, पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. चीर उरली असेल तर पाच-दहा मिनिटांत पुडीवर ओलसर रेघ उमटते. रेघ दिसेनाशी होईपर्यंत घासत राहा. मग गुहागरच्या उत्तराप्रमाणे आधी तापवून, ७०१८ ने, आणि नंतर राखेत. तापवायची सोय अजिबातच नसेल तर पहिला थर ३१२ जातीच्या स्टेनलेस रॉडने देतात. तो असल्या अवघड पोलादावर चिवट राहतो, पण महाग आहे आणि भट्टी शेजारी असताना त्याची गरज नाही.

कुणी 'हार्ड फेसिंग' (कठीण थर चढवणारा) रॉड सुचवला तर घेऊ नका. तो जेसीबीच्या दातांना ठीक. त्याच्या भरणाला कानस लागत नाही, म्हणजे जुळवणी होणार नाही, आणि घण चुकून तोंडावर बसला तर त्याची कपची उडते. ती डोळ्याच्या उंचीवर उडते.

प्रश्न: शेगडा मिटला की पुढचा जबडा मागच्याच्या उजवीकडे पाऊण बोट सरकलेला दिसतो. हातोडी मारून सरळ केला, दोन दिवसांत परत तसाच.
– एक वाचक, राजापूर

उत्तर: हातोडी ठेवा. पुढचा जबडा खाली मागच्या पायाच्या दोन गालांमध्ये (दोन बाजूंच्या पट्ट्यांमध्ये) बसतो आणि आरपार बोल्टावर फिरतो. गालांची उंची २ इंच धरली आणि तिथे फक्त १ मिमी सैलपणा असला, तरी तिथून १६ इंच वर तोंडाशी तो ८ मिमी होतो. तुमचा पाऊण बोट तिथून आला आहे.

बोल्ट काढा. चौकोनी नट गंजून बसला असेल तर पाइप घालून जोर लावण्याआधी फक्त नट लाल करा आणि थोडा गार होऊ द्या, बहुधा सुटतो. बोल्टाला मधोमध मान पडलेली दिसेल, भोक लांबट झालेलं असेल. भोक तिन्ही जाडींतून एकत्र, जबडा जागेवर क्लॅम्प करून, पुढच्या मापाचं पाडून घ्या. ५/८ असेल तर ३/४ इंच. नवा बोल्ट असा निवडा की भोकात बिनआट्याचा गुळगुळीत भागच बसेल आणि आटे गालाच्या बाहेरून सुरू होतील. पूर्ण आट्यांचा बोल्ट घातलात तर तो भोकाला कानशीसारखा खातो. बाजारात मिळतो म्हणून नेमका तोच आणला जातो.

बाजूच्या सैलपणासाठी पत्र्याच्या पातळ चकत्या कापा आणि दोन्हीकडे सारख्या घाला. जबडा ज्या बाजूला सरकलाय त्या बाजूला एखादी जास्त. सैलपणा २ मिमीहून मोठा असेल तर चकत्या टिकत नाहीत. मागच्या पायाचे गाल लाल करा, मध्ये योग्य जाडीची पट्टी ठेवा आणि बाहेरून ठोकून आत घ्या. हे करताना स्क्रूची नळी, म्हणजे आत आटे असलेला भाग, काढून दूर ठेवा. जुन्या शेगड्यांत नळीतले आटे कोरलेले नसून पितळ वितळवून दिलेल्या डागाने आत बसवलेले असतात. नळी चुकून भट्टीत गेली की डाग वितळतो आणि आटे आत सैल फिरायला लागतात. गंज काढायला नळी जाळणाऱ्यांनी तर हे आधीच वाचायला हवं होतं.

एवढं करूनही जबडा तिरका राहिला तर पायच पिळलेला असतो. पायाच्या दोन्ही टोकांना सरळ पट्ट्या आडव्या बांधा आणि एका पट्टीवरून दुसरीकडे डोळा लावून बघा, पीळ लगेच दिसतो.

प्रश्न: स्क्रू अर्धा फेरा नुसताच फिरतो, मग पकडतो. नवा करून घ्यावा का? टर्नर बरेच पैसे सांगतोय.
– एक वाचक, मालवण

उत्तर: नुसत्या रिकाम्या फेऱ्यासाठी नको. स्प्रिंग जबड्याला सतत बाहेर ढकलते, त्यामुळे आवळताना आटे एकाच बाजूने टेकलेले राहतात आणि ढिलाईचा पकडीवर परिणाम होत नाही. पाहायचं ते आट्यांची जाडी. स्क्रूच्या ज्या भागापर्यंत नळी कधी पोहोचतच नाही तिथले आटे मूळ जाडीचे असतात. मधल्या, रोज वापरातल्या आट्यांची त्यांच्याशी तुलना करा. निम्मी जाडी उरली असेल तर अजून वापरा. माथा सुरीसारखा झाला असेल तर स्क्रू आणि नळी दोन्ही एकदम बदला. जुन्या नळीत नवा स्क्रू घातला की तो एकाच पावसाळ्यात जुना होतो. तोवर दांड्यात पाइप घालून आवळणं बंद.

दांड्याकडच्या बाजूला जबडा आणि स्क्रूच्या मानेमध्ये एक खोलगट-फुगीर चकती असते, ती आहे का तेही बघा. पुष्कळदा ती हरवलेली असते. ती नसली की जबडा कलला की स्क्रूही वाकतो.

प्रश्न: आमची शाळा खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. जबडे नव्याने घासून घेतले की आठवड्यात लाल होतात. घरचं खोबरेल लावतो. पाय जांभ्याच्या चिऱ्यात पुरलेला आहे आणि तोही हलायला लागलाय.
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर: तेल खारावर लावताय. खाऱ्या वाऱ्याचं मीठ लोखंडावर बसलेलं असतं आणि वरून तेल लावलं तरी खालून गंज चालूच राहतो. आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने जबडे पुसा, भट्टीच्या उबेत कोरडे करा, मग तेल. खोबरेल रोजच्या रोज पुसून लावणार असाल तर चालतं. महिनाभर तसंच राहिलं तर ते खवट होतं आणि त्यातलं आम्लच लोखंडाला लागतं. गणपतीत शाळा बंद ठेवणार असाल तर जबड्यांना ग्रीसचा जाड हात द्या आणि मेणकापड गुंडाळू नका, आत घाम धरतो. गोणपाट बरं. स्क्रूला ग्रीसपेक्षा तेलात कालवलेली ग्रॅफाइटची पूड चांगली. ग्रीसवर भट्टीची राख आणि कानशीचा कीस बसतो आणि त्याचाच पॉलिश पेपर होतो.

चिऱ्याबद्दल: जांभा भिंतीला उत्तम, पण शेगड्याच्या पायाखाली नाही. घणाचा प्रत्येक ठोका पायातून खाली उतरतो आणि जांभा भुगा होत जातो. त्याच खळग्यात पाणी साचून पायाचं टोक खाल्लं जातं. ६ इंच चौरस, १० मिमी जाड लोखंडी पत्र्यात पायाच्या टोकाएवढं भोक पाडा, तो पत्रा काळ्या दगडावर किंवा काँक्रिटवर ठेवा आणि पाणी निघून जायला एका बाजूला खाच ठेवा. मागचा खांब किंजळीचा किंवा ऐनाचा घ्या. आंब्याचा खांब स्वस्त पडतो, पण वाळवी त्याला सोडत नाही. कोणताही घेतलात तरी जमिनीतल्या भागाला काजूच्या टरफलाच्या तेलाचे दोन हात द्या. ते अंगाला लागू देऊ नका, कातडी भाजते. खांबाला शेगडा धरणाऱ्या पट्ट्याची पाचर पावसाळ्यानंतर एकदा ठोकून घ्या, उन्हाळ्यात लाकूड आवळतं तेव्हा पुन्हा एकदा.

प्रश्न: नवे जबडे खरखरीत, खाचांचे करून घ्यावेत का? आणि बाकावरच्या बिडाच्या व्हाइसचे जबडेही असेच भरता येतील का?
– एक वाचक, दापोली

उत्तर: लोहारी शेगड्याला खाचा नकोत. लाल लोखंडावर त्या उमटतात, आणि कोयत्याच्या पात्यावर उमटलेली खाच म्हणजे पुढे चीर पडायची जागा. गुळगुळीत तोंडं नीट जुळलेली असतील तर पकड पुरते. तयार पातं किंवा पितळेची वस्तू धरायची असेल तर २ मिमी तांब्याच्या पत्र्याच्या काटकोनी टोप्या करून जबड्यांवर अडकवा. तांबं महाग वाटलं तर अॅल्युमिनियमचा अँगल चालतो, फक्त गरम कामाच्या आधी तो आठवणीने काढा.

बिडाच्या व्हाइसला रॉड लावू नका. त्याची तोंडं सुट्या पट्ट्यांची असतात, प्रत्येकीला दोन स्क्रू. मापाने (१००, १२५ किंवा १५० मिमी) नव्या पट्ट्या मिळतात. स्क्रू हलत नसतील तर पट्टीवर नव्हे, स्क्रूच्या डोक्यावर आधी दोन-चार ठोके द्या आणि रॉकेल सोडून रात्रभर ठेवा. पट्टीमागची जागा घासून स्वच्छ केल्याशिवाय नवी बसवू नका. मागे एक कण जरी राहिला तरी कडक पट्टी पहिल्याच जोराच्या आवळणीत मधून तडकते. आणि या व्हाइसवर घणकाम नको. लोहारी शेगडा ठोका पायातून जमिनीत सोडतो, बिडाच्या व्हाइसला तशी वाट नसते.